लघुनगरी, बंदिस्त

खऱ्या वा कल्पित नगराची ठरावीक प्रमाणात लहान केलेली त्रिमितीय प्रतिकृती छताखालील दालनात मांडून लोकांना पाहण्यासाठी खुली केली असता तिला बंदिस्त लघुनगरी म्हणता येते. उघड्यावरील लघुनगरीत, उदा., नेदर्लंड्समधील द हेग येथील मादुरोदाममध्ये (१९५२), १ : २५ यासारखे मोठे प्रमाण आढळते. दालनात ऊनपावसाची बाधा नसल्यामुळे प्रमाण पुष्कळ उतरवता येते आणि प्रकाशही हवा तसा राखता येतो.

या प्रकाराचा उगम फ्रान्समधील तटबंदीयुक्त नगरांच्या प्रतिकृतींत शोधण्याचा प्रघात आहे. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा याच्या प्रेरणेने साधारणपणे १६६८ पासून हा संग्रह आकारास येऊ लागला. त्यातील बहुतेक प्रतिकृती १ : ६०० या प्रमाणात असून, १७७७ मध्ये त्या लूव्रमधून पॅरिसमधीलच अँव्हालीद या वास्तूत हलविण्यात आल्या. मात्र याकोब झांटनरने लाकडात घडविलेली म्यूनिकची प्रतिकृती १५७० ची, म्हणजे या संग्रहाच्या सुमारे शतकभर आधीची असल्याने फ्रान्सचे अग्रत्व निर्विवाद ठरत नाही. शिवाय फ्रेंच प्रतिकृती हे लष्करी गुपित होते व त्या पाहण्यास राजाची अनुज्ञा लागे. प्रेक्षक हा या प्रकाराचा अनिवार्य घटक मानल्यास आजच्या लघुनगरीचे मूळ शस्त्रागारापेक्षा जागतिक प्रदर्शने व छंद म्हणून जोपासलेली लघुरेल्वे यांत मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आंटोनीन लांगव्हाइलची प्रागची पुठ्ठ्याची प्रतिकृती (१८२६–३७) या दोन्ही परंपरांबाहेरची आहे. तीत दोन हजारांहून अधिक इमारती असून, पुढे पाडल्या गेलेल्या कित्येक घरांचे रूप तिच्यामुळेच कळते. या दृष्टीने तिचे मोल करमणुकीच्या कितीतरी पलीकडचे आहे.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स संग्रहालयातील प्रतिकृती त्या शहराच्या सार्वजनिक बांधकामांचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांच्या पुढाकाराने १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली. १ : १,२०० या प्रमाणामुळे ३८१ मी. उंचीची एम्पायर स्टेट इमारत तीत जेमतेम ३२ सेंमी. भरते. १९९२ मध्ये तीत मोठे फेरबदल करून नव्या इमारतींची भर घालण्यात आली. हँबर्गमधील मिनिआटूर वुंडरलँड (२००१) हे दालन लघुरेल्वेच्या १ : ८७ या प्रमाणावर उभे आहे; त्यात प्रौढ माणूस सुमारे दोन सेंमी. उंच दिसतो. तेथील मोटारी रस्त्याखाली पुरलेल्या धातूच्या तारेच्या मागाने धावतात, कारण पुढच्या आसाशी जोडलेले चुंबक त्या तारेकडे ओढले जाऊन चाके वळवते. नगरांमधील अंतरे मात्र या प्रमाणात राखलेली नसतात. ती राखल्यास पुढचे स्थानक दालनाबाहेर जाईल, म्हणून इमारती प्रमाणबद्ध ठेवून मधला प्रदेश आखडून घेतात. नकाशा व लघुनगरी यांतील हा भेद प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

पाहण्याच्या दोन रीती संभवतात. क्वीन्समध्ये कडेच्या उंच मार्गावरून विमानातून दिसावे तसे संपूर्ण नगर नजरेत येते. हँबर्गमध्ये प्रेक्षक कठड्याशी वाकून एकेका गल्लीत डोकावतो. तेथे सुमारे पंधरा मिनिटांत दिवस मावळून पुन्हा उजाडतो. अंधार पडल्यावर खिडक्यांमागची दृश्ये प्रथमच दिसू लागत असल्याने एका जागी निदान एक पूर्ण आवर्तन थांबणे इष्ट होय.