अंग बाहेर येण्यावर जाळी बसवली असेल तर

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय किंवा योनीच्या भिंती खाली सरकणं. त्यांना आधार द्यायला बसवलेली ही जाळी बहुधा पॉलीप्रोपिलीन या प्लास्टिकची असते आणि ती विरघळत नाही. तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात. आधार त्यामुळेच मिळतो, आणि पुढे ती काढणं अवघड जातं तेही त्यामुळेच.

जाळी कोणत्या वाटेने बसवली, हे आधी पाहा. योनीतून बसवलेल्या जाळीचा त्रास जास्त दिसला. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 16 एप्रिल 2019 रोजी अशा जाळीची विक्री थांबवायला लावली. पोटातून माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधलेली जाळी आणि लघवी गळण्यावरची पट्टी त्या आदेशात नव्हती. त्रास त्यांचाही होऊ शकतो.

सगळ्यात जास्त आढळतं ते जाळी उघडी पडणं. योनीचं अस्तर विरतं, बोटाला ब्रशच्या केसासारखं राठ टोक लागतं. संबंधाच्या वेळी नवऱ्याला टोचतं, नंतर रक्ताचा डाग दिसतो, अंगावरून पांढरं जातं. हे ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही होतं, म्हणून ‘आता त्याचा काय संबंध’ असं म्हणून सोडून देऊ नका. पाळी गेल्यावर अस्तर पातळ होतं. मधुमेह आणि धूम्रपानाने धोका वाढतो.

जाळी आक्रसली तर आत ताणलेली दोरी असल्यासारखं वाटतं. बसताना मांडीच्या सांध्यात किंवा कुल्ल्यात कळ येते. अशा वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यामुळे आवळण्याचे व्यायाम स्वतःहून करू नका. आधी ते सैल करायला शिकावं लागतं. लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होत असेल किंवा रक्त जात असेल, तर मूत्राशयात दुर्बिणीने पाहायला हवं. आत शिरलेल्या धाग्यावर खडाही धरतो.

एक्स-रेत ही जाळी दिसत नाही. हाताने तपासणी आणि योनीमुखावरून केलेली सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

छोट्या उघड्या भागाला इस्ट्रोजेनचं मलम पुरू शकतं. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते लावण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. नाहीच भरलं तर तेवढा भाग कापून टाके घालतात. पूर्ण जाळी काढणं मात्र मोठं काम आहे. मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा होऊ शकते, अंग पुन्हा बाहेर येऊ शकतं, दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. हे काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा.

येताना ऑपरेशनची नोंद आणि जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर आणा. कंपनी, मॉडेल, लॉट नंबर त्यावर असतो. नसेल तर रुग्णालयाकडून लेखी मागा.

ताप आणि कंबरदुखी, घाण वासाचा स्राव, योनीतून लघवी किंवा शौच येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काहीच त्रास नसेल तर जाळी काढायची गरज नाही.