मूल वाचताना नेमकं कुठे अडतं?

‘चादर’ या शब्दाचा अर्थ सोलापुरातल्या पोराला सांगावा लागत नाही. तरीही दुसरीतलं एखादं मूल तो छापलेला शब्द पाहून ‘चा… द… र…’ म्हणतं आणि थांबतं. तिन्ही अक्षरं बरोबर, पण चादर काही डोळ्यांपुढे येत नाही. मग सगळ्या वर्गाकडून पुन्हा बाराखडी म्हणून घेतली जाते. ती या मुलाला तोंडपाठच असते. त्याची अडचण तिथे नाहीच.

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचन शिकवावंच लागतं, कारण मेंदूत त्यासाठी जन्मतः तयार जागा नसते. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला डावीकडचा एक पट्टा सरावाने अक्षरांसाठी घडत जातो आणि आवाज व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. ही जोडणी कच्ची असेपर्यंत प्रत्येक अक्षरावर लक्ष खर्च होतं. तात्पुरती स्मृती लहान मुलांत फारच तोकडी असते, त्यामुळे ‘र’पर्यंत पोचेस्तोवर ‘चा’ निसटलेला असतो.

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे सोप्या सूत्रात मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. सोलापूरसाठी हे फार महत्त्वाचं आहे. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. ‘घर’ हा शब्द मुलाने अचूक वाचला, पण त्याच्यासाठी घर म्हणजे ‘इल्लु’ किंवा ‘मने’ असेल, तर दुसरी बाजू रिकामी राहते. अशा मुलाला अक्षरांचा जादा तास देऊन काही साधत नाही. त्याला रोज मराठीत गोष्ट ऐकायला आणि त्यावर बोलायला मिळायला हवं. सुरुवातीला उत्तर घरच्या भाषेत आलं तरी ते स्वीकारावं आणि त्यासाठीचा मराठी शब्द तिथेच द्यावा.

अडचण कोणत्या बाजूची, हे पाच मिनिटांत कळतं. मुलाला एकटं जवळ बसवून आधी उतारा आपण वाचून दाखवायचा आणि दोन प्रश्न विचारायचे. उत्तरं आली नाहीत तर काम भाषेवर. आली, तर तेवढाच सोपा दुसरा उतारा त्याच्याकडून वाचून घ्यायचा; तिथे अडलं तर काम अक्षरांवर. रोज सहा मुलं घेतली की तीस मुलांचा वर्ग एका आठवड्यात ऐकून होतो. हा वेळ वाया जातो असं वाटतं, पण मूल कुठे अडतंय हे न ऐकता शिकवणंच जास्त वेळ खातं.

अक्षरांपाशी अडणाऱ्यांचेही प्रकार आहेत. काहींना आवाजच सुटे करता येत नाहीत. ‘चादरमधला चा काढला तर काय उरेल?’ याला ‘दर’ हे उत्तर येत नाही. इथे पाटी-पुस्तक बाजूला ठेवून रोज दहा मिनिटं तोंडी खेळ घ्यावेत. काही मुलं घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळतात. अशा जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. पहिली वेलांटी अक्षराआधी काढतात पण उच्चारतात नंतर, आणि ‘सूर्य’मधला रफार बसतो ‘य’वर पण ऐकू येतो त्याआधी. डोळा आणि कान इथे उलट्या क्रमाने चालतात, म्हणून हे वेगळं दाखवून द्यावं लागतं. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतला च वेगळा, हेही कुणीतरी सांगायला हवं.

सगळी मुळाक्षरं संपल्यावर काना-मात्रा, हा क्रम मुलांना महिनोन्‌महिने शब्दांपासून दूर ठेवतो. त्यापेक्षा च, द, र आणि काना एवढंच आधी घ्या: चार, दार, चारा, चादर लगेच वाचता येतात. म आणि न जोडले की मामा, नाच, मान, चमचा. अक्षरं सुटी न म्हणता आवाज लांबवत एकमेकांत सरकवायचे: ‘चा’ न तोडता ‘चाऽऽदर’. शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ गळतो, हे मुलाला कानाने पकडू द्यावं.

शब्द जुळायला लागले की वेग येण्यासाठी तोच उतारा पुन्हा वाचणं कामी येतं. पन्नासेक शब्दांचा उतारा, दिवसाला तीन वेळा. पन्नासात दोन-तीन चुका झाल्या तर तो योग्य, पाचापेक्षा जास्त झाल्या तर अवघड, बदलावा. विषय ओळखीचा असावा: गड्ड्याची जत्रा, हुरडा, शेंगाचटणी. ‘गड्डा’मध्ये जोडाक्षरही आयतं मिळतं. मूल चुकलं की तीन सेकंद थांबावं, मग शब्द सांगावा आणि वाक्य पहिल्यापासून वाचून घ्यावं.

लहान मुलांना वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून देण्यासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, अशी अपेक्षा ठेवली आहे. यातलं ‘अर्थासह’ विसरलं की मुलं नुसती धावतात. शिवाय ‘यंत्रमागावरच्या’ हाही मोजताना एकच शब्द असतो. वेळ शिक्षकांनी मोजावी, पण घड्याळ मुलासमोर धरू नये.

गट इयत्तेनुसार नको, अडचणीनुसार हवेत; पाच-सहा मुलं, रोज वीस-तीस मिनिटं. दर पंधरवड्याला पुन्हा ऐकून गट बदलावेत, नाहीतर ‘मागचा गट’ ही कायमची ओळख होते. दोन-तीन महिने असा सराव होऊनही मूल हलत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचं धूसर दिसणारं किंवा कान वारंवार फुटणारं मूल वर्गात बऱ्याचदा केवळ ‘लक्ष न देणारं’ म्हणून बसलेलं असतं.