सुगंध उडतो, पण किती सावकाश?

सकाळी लावलेलं परफ्यूम दुपारपर्यंत टिकत नाही ही तक्रार रास्त असली तरी मुळातून पाहिली तर थोडी गमतीची आहे. जो पदार्थ जागचा हलत नाही त्याला वासच येत नाही. स्टीलच्या पेल्याला वास नाही, काचेला नाही. वास यायचा तर पदार्थाचे रेणू सुटून हवेत मिसळायला हवेत आणि तिथून नाकात शिरायला हवेत. म्हणजे घमघमाट सुटला की अत्तर संपायला लागलं, असंच समजायचं. त्याने उडावंच, फक्त सावकाश, एवढीच आपली अपेक्षा.

हा वेग प्रत्येक पदार्थाच्या बाष्पदाबावर, म्हणजे त्याच्या रेणूंची सुटून हवेत जाण्याची ओढ किती यावर ठरतो. ढोबळमानाने लहान रेणू आधी पळतात, मोठे मागे राहतात. लिंबू-संत्र्याच्या सालीत लिमोनीन असतं. त्याचा रेणूभार 136. त्वचेवर पातळ पसरलेलं लिमोनीन तासाभरात नाहीसं होतं. चंदनाच्या तेलातल्या सँटालॉलचा रेणूभार 220, आणि ते संध्याकाळपर्यंत रेंगाळतं. पण नुसत्या वजनावर जाऊन चालत नाही. कापराचा रेणूभार 152, व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलीनचाही 152. कापराची वडी उघडी ठेवली तर बघता बघता झिजते. व्हॅनिलीनची पूड मात्र तिथेच पडून राहते. दोघांच्या बाष्पदाबात हजारपटीहून जास्त फरक आहे. कापराचे गोलसर रेणू एकमेकांना जेमतेम धरून असतात, तर व्हॅनिलीनचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत अडकलेले असतात. रेणू शेजाऱ्याला किती घट्ट धरतो, यावर त्याचा मुक्काम अवलंबून.

परफ्यूम बनवणारे याच फरकावर खेळतात. लिंबूवर्गीय वास आधी येऊन जातात, मग फुलांचे, आणि तळाशी चंदन, व्हॅनिला, कस्तुरीच्या जातीचे वास उरतात. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून आपण जे पसंत करतो ते बहुतेकदा पहिल्या दहा मिनिटांचं परफ्यूम असतं. मनगटावर फवारा मारून घ्यावा, बाजारात दोन तास हिंडावं आणि मग पैसे द्यावेत, असं माझं मत. बाटलीवरच्या नावांचा उपयोग आहे, पण बेताचा. ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण 2 ते 5 टक्के, ओ द ट्वालेटमध्ये 5 ते 15, ओ द पर्फ्यूममध्ये 15 ते 20 टक्के. बाकी मुख्यतः अल्कोहोल. हे आकडे कंपनीगणिक मागेपुढे होतात. शिवाय सगळा भर लिंबावर असेल तर 20 टक्क्यांचं परफ्यूमही 10 टक्क्यांच्या चंदनापुढे हरतं.

अत्तराची रीत वेगळी. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या अत्तराला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे आजही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे अर्क गोळा होणाऱ्या भांड्यात, उतरते. हा भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. गुलाबाचा किंवा मोगऱ्याचा अर्क थेट त्या तेलात मुरतो. इथे रसायनशास्त्र साधं आहे: पळपुटे रेणू जड, चिकट तेलात विरघळले की पृष्ठभागावर त्यांची गर्दी कमी होते, आणि जे आहेत त्यांनाही तेल धरून ठेवतं. एकटा गुलाब जितक्या लवकर गेला असता तितक्या लवकर चंदनाच्या संगतीत जात नाही. चंदन महागल्यापासून बरेच जण भपक्यात लिक्विड पॅराफिन वापरतात. तेही रेणूंना धरून ठेवतं, पण त्याला स्वतःचा वास नाही. त्यामुळे फूल संपलं की सगळंच संपतं.

वास धरून ठेवणाऱ्या द्रव्यांचा राजा म्हणजे कस्तुरी. कस्तुरीमृग आज कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या कस्तुरीतल्या मुख्य रेणूत, मस्कोनमध्ये, 15 कार्बनचं कडं असतं, हे लिओपोल्ड रुझिच्का यांनी 1926 मध्ये दाखवलं. पुढे 1939 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण कृत्रिम कस्तुरी त्याआधीच अपघाताने हाती लागली होती. 1888 मध्ये आल्बर्ट बाऊर हा रसायनतज्ज्ञ टीएनटीच्या जातकुळीतल्या स्फोटकांवर काम करत होता. त्याच्या हाती आलेल्या एका पदार्थाला कस्तुरीसारखा वास निघाला. त्यातून नायट्रो मस्क (मस्क म्हणजे कस्तुरी) नावाचं घराणं उभं राहिलं आणि स्वस्त साबणालाही कस्तुरीचा वास परवडू लागला.

याची किंमत पुढे कळली. 1981 मध्ये जपानच्या तामा नदीतल्या माशांच्या शरीरात याच घराण्यातलं मस्क झायलीन सापडलं. जो रेणू सहजासहजी उडत नाही, मोडत नाही आणि चरबीत विरघळतो, तो कपडे धुतल्यावर गटारातून नदीत जातो आणि तिथेही टिकूनच राहतो. युरोपने यातली काही मस्क बंद केली. आता मस्कोनसारख्या मोठ्या कड्याची मस्क बनवता येतात. जीवाणू ती तुलनेने लवकर मोडतात, पण ती महाग पडतात. ‘24 तास टिकणारा सुगंध’ असं डिटर्जंटच्या पाकिटावर वाचलं की मला ती नदी आठवते.

आता त्वचेकडे. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर विरतो, कारण त्याला धरायला तेलाचा थर नसतो. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवून त्यावर परफ्यूम लावलं, तर आपण भपक्यातलीच युक्ती अंगावर वापरत असतो. मनगट आणि गळ्यावर लावा, तिथे नाडीची ऊब असते, हा सल्ला मात्र अर्धवट आहे. लिनालूलसारख्या फुलातल्या रेणूंचा बाष्पदाब तापमान 10 अंशांनी वाढलं की जवळजवळ दुप्पट होतो. उबदार जागी लावलेला वास दूरवर पोचतो हे खरं, पण तो संपतोही लवकर. मनगटं एकमेकांवर घासल्याने रेणू ‘तुटतात’ ही निव्वळ समजूत आहे. रेणू असे तुटत नाहीत. घासल्याने थर पातळ होऊन पसरतो आणि वरचे हलके वास आधी जातात, इतकंच.

वारा हा ऊन्हाइतकाच वैरी. त्वचेलगत सुगंधाने भरलेल्या हवेचा पातळ थर साचतो आणि पुढचं उडणं मंदावतं. दुचाकीवरून तासभर गेलं की वारा हा थर सतत पुसून नेतो. त्यामुळे कानाच्या पाळीमागच्या वळणात अत्तराचा फाया खोचून ठेवायची जुनी पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. कापसात द्रव्याचा साठा राहतो, उघडा पृष्ठभाग कमी, वारा बेताचा, घामाने धुऊन जाण्याची भीती नाही. सुती कपड्यावरही वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो, कारण कापड थंड असतं. मात्र तेलकट अत्तर पैठणीच्या पदरावर लावू नये, डाग जन्मभर राहतो. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं अशुद्ध तेल असलेला सुगंध मानेवर लावून भर उन्हात हिंडणंही बरं नाही. त्यातल्या बर्गाप्टीनमुळे त्वचेवर काळपट चट्टे उठू शकतात. आणि बाटली खिडकीत ठेवू नका. लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून बिघडतं, आणि त्यातून निघणारे पदार्थ काहींच्या त्वचेला झोंबतात.

इतकं करूनही ‘दुपारी काहीच उरत नाही’ असं वाटत असेल, तर आधी नाकावर संशय घ्यावा. नाकाच्या आतल्या गंधपेशींना रेणू भिडला की पेशीत कॅल्शियमचे आयन शिरतात, आणि हेच आयन त्या पेशीची संवेदना मंद करतात. मेंदूही तोच तो संदेश बाजूला सारायला शिकतो. नव्या वासाची, जळक्या वायरची किंवा उतू गेलेल्या दुधाची, दखल घेता यावी म्हणून ही सोय आहे. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना येतो. परफ्यूम तर दिवसभर नाकाखालीच असतं. माणसामध्ये सुमारे 400 प्रकारचे गंधग्राही असतात आणि त्यांची जनुकं प्रत्येकाची सारखी नसतात. त्यामुळे काही मस्क काही जणांना जवळजवळ येतच नाहीत. अशी माणसं आपला सुगंध गेला समजून पुन्हा पुन्हा फवारत राहतात, आणि लिफ्टमधले बाकीचे श्वास रोखून मजले मोजतात.

दुपारी दुसरा फवारा मारण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारून घ्यावं. त्याने नाक मुरडलं तर बाटली पिशवीतच राहू द्यावी.