हातोडा एकच, गळे वेगळे: आसात्रू आणि ओडिनिझम

थॉर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लाल केपवाला मार्व्हलचा हिरो येतो, त्यात काही वाईट नाही, पण थॉर, ओडिन, फ्रेया या देवांना आजही खरोखर मानणारे, त्यांच्या नावाने शिंगातून मीड (मधाची दारू) पिणारे, लग्न लावायचं तर त्यांच्या साक्षीने लावणारे लोक आहेत हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ज्यांना माहितीये त्यांच्यात परत दोन तट. एक म्हणतो हे निसर्गप्रेमी, पुस्तकवेडे, निरुपद्रवी लोक. दुसरा म्हणतो छे, नाझी आहेत सगळे, टॅटू बघा ना त्यांचे. दोघांनी जे बघितलंय ते खरंच असतं, फक्त दोघं वेगवेगळ्या लोकांकडे बघत असतात आणि बाकीचे पण असेच असणार असं धरून चालतात.

या देवांच्या आजच्या धर्माच्या दोन तऱ्हा आहेत, तर एकीकडे घेऊ आइसलँडची आसात्रू आणि दुसरीकडे अमेरिकेत जास्त फोफावलेला ओडिनिझम, म्हणजे तिकडे ज्याला फोकिश म्हणतात तो, धर्म वंशावर ठरतो असं मानणारा प्रकार. (विक्का नावाच्या वेगळ्याच एका नव्या धर्माशीही घोळ घालतात लोक, तो इथेच मिटवतो: विक्का इंग्लंडमधलं, १९५० च्या दशकात जेराल्ड गार्डनरने लोकांसमोर आणलेलं, त्यात एक देवी आणि एक शिंगवाला देव. विषय संपला.)

आधी सारखं काय ते बघू. देव तेच आणि ग्रंथही तेच. एक स्नोरी स्टर्लुसनने १२२० च्या आसपास लिहिलेला गद्य एड्डा, दुसरा जुन्या कवितांचा संग्रह, ज्याचं मुख्य हस्तलिखित १२७० च्या सुमाराचं आहे. आणि आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला साधारण १००० साली. म्हणजे जे काही हाताशी आहे ते धर्म बदलून दोनशे-अडीचशे वर्षं झाल्यावर ख्रिस्ती माणसांनी लिहून ठेवलेलं आहे! अखंड परंपरा कुणाकडेच नाही, पुजाऱ्यांची घराणी नाहीत, पूजा नेमकी कशी करायची याची पोथी नाही. दोघांच्याही धर्मात मोठमोठी भोकं आहेत आणि दोघंही ती आपापल्या परीने बुजवतायत, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, की भोकं कशाने बुजवली.

आइसलँडवाल्यांनी बुजवली कवितेने. १९७२ साली तिथल्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, जो एप्रिलमध्ये येतो आणि त्या दिवशी बर्फही पडू शकतो, आसात्रूआरफेलागिद नावाची संस्था स्थापन झाली. पुढारी होता स्वेनब्योर्न बेनटेनसन, मेंढ्या पाळणारा शेतकरी, लांब पांढरी दाढी, आणि रिमुर नावाच्या जुन्या गेय कवितांचा पक्का जाणकार. जुन्या कवितांचं तिथे किती मोल आहे बघा, ते मुख्य हस्तलिखित कित्येक शतकं डेन्मार्कमध्ये होतं, ते आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, जहाजाने परत आलं तेव्हा बंदरावर लोकांनी गर्दी केली होती. संस्थेच्या नोंदणीचा एक किस्सा सांगतात: स्वेनब्योर्न मंत्र्याला भेटायला गेला, मंत्र्याला वाटलं चेष्टा चाललीये, आणि ही मंडळी बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात वादळ झालं, विजा कडाडल्या, रेक्याविकच्या मध्यवर्ती भागातली लाईट गेली. थॉरचं खातं विजा-गडगडाटाचं, ते तिथे सगळ्यांना माहीत असल्यामुळे पुढचे विनोद काय झाले असतील ते तुम्हीच समजा. बिशपचा विरोध होता, तरी १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी थिंगवेत्लिर या जुन्या सभास्थळी उघड्यावर ब्लोट झाला.

ब्लोट म्हणजे पूर्वी बळी द्यायचे तो विधी, पण आता प्राणी वगैरे काही मारत नाहीत, कविता म्हणतात, शिंग एकमेकांकडे फिरवतात, त्यातलं थोडं जमिनीला देतात आणि मग दाबून जेवतात. २००३ पासून त्यांचा प्रमुख आहे हिल्मार अर्न हिल्मार्सन, पेशाने संगीतकार. त्याने तर सरळ सांगून टाकलंय की आठ पायांच्या घोड्यावर बसून फिरणारा एक डोळ्याचा माणूस खराखुरा आहे असं आमच्यातलं कोणी मानत असेल असं मला वाटत नाही, या गोष्टी म्हणजे निसर्गातल्या शक्तींची आणि माणसाच्या मनाची काव्यातली रूपं आहेत. आता याला श्रद्धा म्हणायचं का असा प्रश्न कुणालाही पडेल, मलाही पडतो. पण त्यांना त्याची फार फिकीर दिसत नाही. चार लाखही वस्ती नसलेल्या देशात पाच हजारांच्या वर सभासद आहेत, म्हणजे नुसती हौस तरी नक्कीच नाही.

आता दुसरी बाजू. ओडिनिझमवाल्यांनी तीच भोकं बुजवली रक्ताने, वंशाने. याचा उगम आइसलँडमध्ये नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात गिडो फॉन लिस्ट नावाच्या लेखकाने स्वतःच्या अठरा रून्सची (रून्स म्हणजे उत्तर युरोपातली जुनी अक्षरं) एक माळ रचली आणि ती प्राचीन आर्य ज्ञान म्हणून खपवली, त्या हवेतून पुढे एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या नाझी दलाच्या, कॉलरवरचे रून्स आले. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियात अलेक्झांडर रुड मिल्स नावाच्या वकिलाने ओडिनचं चर्च काढलं, हा माणूस नाझी विचारांचा, दुसऱ्या महायुद्धात त्याला सरकारने स्थानबद्ध केलं होतं. त्याचं लिखाण नंतर एल्स क्रिस्टेन्सन नावाच्या मूळच्या डॅनिश बाईंच्या हाती लागलं, त्यांनी १९६९ मध्ये कॅनडात ओडिनिस्ट फेलोशिप सुरू केली, नंतर फ्लोरिडाला गेल्या, आणि अमेरिकेतल्या तुरुंगांमध्ये हा धर्म पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. तुरुंगातल्या गोऱ्या टोळ्यांना आयताच एक झेंडा मिळाला. तिकडे टेक्सासमध्ये स्टीफन मॅकनॅलन याने १९७० च्या दशकात आपला गट काढला आणि १९८५ मध्ये मेटाजेनेटिक्स नावाचा लेख लिहिला, त्याचं सार असं की धर्म वंशातून, रक्तातून उतरतो. म्हणजे उत्तर युरोपीय पूर्वज असतील तर ओडिन तुमचा, नसतील तर तुम्ही तुमचे देव शोधा.

इथे नाव बघून ओळखता येईल असं समजू नका. याच मॅकनॅलनने १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या संघटनेचं नाव आसात्रू फोक असेंब्ली! म्हणजे पाटीवर आसात्रू, आत माल फोकिश. उलट अमेरिकेतच द ट्रोथ नावाची १९८७ पासूनची संघटना आहे, तिथे वंशाची अट नाही. २०१६ मध्ये अशा अनेक गटांनी मिळून आसात्रू फोक असेंब्लीशी आमचा काही संबंध नाही असं जाहीर केलं, त्याला नाव दिलं डिक्लरेशन १२७, कारण हावामाल या जुन्या कवितेच्या १२७ व्या कडव्यात म्हटलंय की वाईट दिसलं तर त्याला वाईट म्हण आणि शत्रूला स्वस्थ बसू देऊ नकोस. भांडण करायचं तर ग्रंथातला दाखला काढून करायचं, हे मात्र आपल्याला ओळखीचं वाटावं.

बरं, फोकिश लोकांचा वंशाचा दावा त्यांच्याच सामग्रीवर तपासला तर टिकतो का? तर नाही. ओडिनची आई बेस्टला, ती जोटुन कुळातली, म्हणजे देवांचे जे शत्रू त्यांच्यातली. थॉरची आई योर्ड, ती पण त्यांच्यातलीच गणली जाते. शुद्ध रक्ताचा देव शोधायला गेलात तर हाती फार कमी लागेल. माणसांचंही तेच. २०२० मध्ये नेचरमध्ये ४४२ प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास आला, बहुतेक व्हायकिंग काळातले, आणि निघालं काय तर बऱ्याच जणांत दक्षिण युरोप आणि आशियाकडचा अंश, आणि स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनीत व्हायकिंग थाटात पुरलेल्या काहींमध्ये तर स्कँडिनेव्हियाचा अंशच नाही. आइसलँडमध्ये पहिल्यांदा वसलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या होत्या असं आनुवंशिकीवाले सांगतात. ज्या बेटाने हे सगळे ग्रंथ जपले ते बेटच मिश्र, मग शुद्धता आणायची कुठून?

चिन्हांवरून काही कळत नाही हा सगळ्यात त्रासदायक भाग. थॉरचा हातोडा म्योल्निर दोघांच्याही गळ्यात. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकन संसदेच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, शिरलेला तो शिंगांची टोपीवाला उघडा माणूस आठवतो ना, त्याच्या अंगावर म्योल्निर, इग्द्रासिल हा विश्ववृक्ष आणि वाल्कनुट (एकमेकांत गुंतलेले तीन त्रिकोण) तिन्ही गोंदलेले होते. आणि तोच म्योल्निर २०१३ पासून अमेरिकन सरकार मृत सैनिकांच्या थडग्यावर कोरायला मान्य करतं, त्यात काही गैर नाही. आपल्या दारातल्या स्वस्तिकाचं परदेशात जे होतं तसंच काहीसं या लोकांचं झालंय, कुणी तिसऱ्यानेच चिन्ह पळवलं आणि आता खुलासे देत बसायचं यांनी. काळा सूर्य म्हणजे ब्लॅक सन हे चिन्ह मात्र वेगळं, त्याचा नमुना एसएसच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्यातल्या फरशीवरचा आहे, व्हायकिंगांचा नाही, त्यामुळे ते दिसलं तर मी तरी दोन पावलं मागे सरकेन.

शेवटी दोन देवळं शेजारी शेजारी ठेवून बघा. रेक्याविकमध्ये ऑस्क्युहलीद टेकडीवर आसात्रूवाल्यांच्या देवळाचं भूमिपूजन झालं २० मार्च २०१५ ला, सूर्यग्रहण गाठून. (आपल्याकडे ग्रहणात कुणी भूमिपूजन करून दाखवा!) बांधकाम पैशांपायी रखडत राहिलं. बातमी बाहेर गेली तशी त्यांना परदेशातून द्वेषाच्या ईमेल येऊ लागल्या, कारण हे लोक समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतात, आणि त्या ईमेल पाठवणारे ख्रिस्ती नव्हते, स्वतःला त्याच देवांचे भक्त म्हणवणारे होते.

दुसरं देऊळ मिनेसोटातल्या मर्डॉक नावाच्या जेमतेम तीनशे वस्तीच्या गावात. आसात्रू फोक असेंब्लीने २०२० मध्ये तिथलं जुनं लुथरन चर्च विकत घेतलं, गावात निषेध झाला, सह्यांच्या मोहिमा झाल्या, पण डिसेंबरमध्ये गावाच्या कौन्सिलने परवानगी दिली, कारण धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यापुढे नाही म्हटलं असतं तर खटला हरायची भीती होती. आत कुणाला घेतात आणि कुणाला नाही हे कौन्सिलने विचारात घ्यायचंच नव्हतं. रेक्याविकला गेलात आणि उघड्यावरचा ब्लोट चालू असला तर तुम्ही-आम्ही जाऊन उभे राहू शकतो, शिंग आपल्यापर्यंतही येईल. मर्डॉकमधल्या त्या चर्चचं सभासदत्व मात्र फक्त युरोपीय वंशाच्या लोकांनाच.