रात्रीचा एनमॅप कुणी चालवायचा, क्रॉनने की अनाक्रॉनने?

आपल्या नेटवर्कवर एखादं अनोळखी यंत्र तर आलं नाही ना, हे रोज तपासायला एनमॅप हा नेटवर्कवरची यंत्रं शोधणारा (म्हणजे स्कॅन करणारा) प्रोग्राम पुरतो. डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनमॅप’ म्हणायचं, फेडोरावर ॲप्टऐवजी डीएनएफ. काल आणि आजच्या निकालांतला फरक दाखवणारं एनडिफ डेबियनवर वेगळं पॅकेज आहे, तेही सोबत घ्या. घोळ होतो तो यानंतर. रोज आपोआप चालवायचं म्हटलं की लिनक्सवर ठरलेली कामं आपोआप उरकणाऱ्या प्रोग्रामांपैकी क्रॉन आणि अनाक्रॉन ही दोन नावं समोर येतात, आणि बरेच जण दोन्ही एकच समजतात.

क्रॉन घड्याळावर चालतो. तो सतत जागा असतो आणि दर मिनिटाला आपली यादी बघतो. या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, ३०, २ आणि पुढे तीन तारे लिहिले की काम पहाटे अडीचला होणार. त्या मिनिटाला मशीन बंद असेल तर ते काम बुडालं. क्रॉन त्याची पुन्हा चौकशी करत नाही.

अनाक्रॉन दिवस मोजतो. त्याच्या यादीत किती दिवसांनी, किती मिनिटं थांबून, कामाचं नाव आणि कमांड असे चार रकाने असतात. तासाचा रकानाच नसतो. तो कायम चालूही नसतो. कुणीतरी त्याला सुरू करतं, मग तो काम शेवटचं कधी झालं ती तारीख पाहतो, राहिलं असेल तर उरकतो आणि बंद होतो. दर दोन तासांनी स्कॅन हवा असेल तर तो याच्या आवाक्यातला नाही.

डेबियनवर गुंता आणखी वाढतो. ‘क्रॉन डॉट डेली’ या रोजच्या कामांच्या फोल्डरच्या नावात क्रॉन आहे, पण अनाक्रॉन इन्स्टॉल असेल तर क्रॉन बाजूला होतो आणि तिथल्या स्क्रिप्ट (कमांडच्या फाइली) अनाक्रॉनच चालवतो. (त्या फोल्डरमध्ये ‘स्कॅन डॉट एसएच’ अशा नावाची फाइल ठेवलीत तर ती कधीच चालणार नाही. नावात टिंब असलेल्या फाइली तिथे सरळ वगळल्या जातात, तेही तक्रार न करता.)

राहिलेलं काम नंतर उरकणारा अनाक्रॉन बॅकअपसाठी उत्तमच. स्कॅनसाठी मात्र मला तो लॅपटॉपवर धोक्याचा वाटतो. रात्री लॅपटॉप बंद होता, सकाळी तुम्ही तो कॅफेत उघडून चार्जरला लावला. (डेबियनचा अनाक्रॉन बॅटरीवर थांबून राहतो, पण चार्जर लावल्यावर ती अडचण उरत नाही.) थोड्या वेळाने स्कॅन सुरू. तुमच्या घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर कॅफेतलाही तसाच असू शकतो, आणि घरासाठी लिहिलेली कमांड तिथेही तशीच चालते. म्हणजे रूटच्या (सिस्टिमवर सगळे हक्क असलेल्या खात्याच्या) अधिकाराने, परवानगीशिवाय, तुम्ही दुसऱ्याचं नेटवर्क तपासताय. क्लायंटच्या ऑफिसात हेच झालं तर तिथल्या आयटीवाल्यांना काय उत्तर देणार?

म्हणून कायम चालू असलेल्या डेस्कटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्रॉनच लावा. एखादी रात्र हुकली तरी बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी एनडिफ फरक दाखवतोच. नोंद रूटच्या क्रॉनटॅबमध्ये करा, कारण रूट नसेल तर एनमॅप यंत्रांचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाची ओळख सांगणारे क्रमांक) दाखवत नाही. कमांडचा पूर्ण पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, लिहा; क्रॉन कमांड शोधतो ती फोल्डरची यादी फार तोकडी असते. निकालाच्या फाइलनावात तारीख घालणार असाल तर सगळं एका स्क्रिप्टमध्ये ठेवा. तारखेच्या कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह लागतं, पण क्रॉनटॅबच्या ओळीत ते म्हणजे नवी ओळ, आणि कमांड तिथेच तुटते.

लॅपटॉपवर अनाक्रॉनशिवाय गत्यंतर नसेल तर स्क्रिप्टने आधी राउटरचा मॅक पत्ता बघावा आणि तो घरचा नसेल तर गुपचूप बाहेर पडावं. सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचे टायमर वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे: ‘ऑन कॅलेंडर’ने टायमर क्रॉनसारखा वागतो, त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू केलं की हुकलेली वेळ अनाक्रॉनसारखी भरून काढतो. स्कॅनच्या टायमरमध्ये ते बंदच ठेवा.