गुण अचानक वाढले म्हणजे कॉपी झाली का?

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालेली मुलगी बेळगावात येऊन पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान शाखा घेते, पहिल्या खेपेला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२०पैकी २९० गुण मिळवते, एक वर्ष रिपीट करते आणि दुसऱ्या खेपेला ५४०वर पोहोचते, असे समजू. घरी पेढे वाटले जातात, पण त्याच आठवड्यात कुठल्या तरी दूरच्या केंद्रावर पेपर फुटल्याची बातमी येते आणि एका वर्षात अडीचशे गुण कसे वाढले, अशी कुजबुज सुरू होते. हा प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते त्याचे उत्तर नुसत्या नवलावरून देणे, कारण गुणांची वाढ कशाकशाने होते आणि त्यातली कॉपीची वाढ ओळखायची कशी, याचे बऱ्यापैकी पक्के शास्त्र उपलब्ध आहे.

आधी नशिबाचा वाटा किती, ते मोजून पाहू. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर दर प्रश्नामागे सरासरी पाव गुण पदरात पडतो. एखाद्याने असे ४० प्रश्न ठोकून दिले, तर सरासरी १० गुण मिळतील. परंतु त्याभोवतीचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून गुण साधारण किती इकडेतिकडे होतात त्याचे माप, सुमारे १४ गुणांचे आहे; म्हणून तोच विद्यार्थी, तेवढ्याच अभ्यासावर, एका दिवशी १५ गुण गमावू शकतो आणि दुसऱ्या दिवशी ३५ गुण कमावू शकतो. पन्नास गुणांचा फरक हा अशा रीतीने काहीही न शिकता आणि काहीही न चोरता पडू शकतो.

शिवाय रिपीट कोण करते, हेही पाहावे लागते. ज्याला अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळाले, तो प्रवेश घेऊन मोकळा होतो. ज्याचा पेपर त्या दिवशी बिघडला, तोच पुन्हा बसतो. अशा निवडक गटाचे गुण दुसऱ्या खेपेला सरासरीने वर जाणारच, कारण वाईट दिवस सहसा लागोपाठ दोनदा येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना १८८६ मध्ये मांडलेली 'मध्याकडे परतणे' ही कल्पना इथे जशीच्या तशी लागू पडते.

पण अडीचशे गुण नशिबाने वाढत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. सीमाभागात मात्र एक कारण असे आहे, की ते बाहेरच्या परीक्षकाच्या सहज लक्षात येणार नाही. दहावीपर्यंत प्रकाशसंश्लेषण, जडत्व, संयुजा असे शब्द घेऊन वाढलेले मूल पीयूसीला येते तेव्हा विज्ञानाचे वर्ग बहुधा इंग्रजीत चालतात, वर्गातल्या सूचना आणि कार्यालयातली कामे कन्नडमध्ये होतात आणि डोक्यातली गणिते अजून मराठीतच सुटत असतात. पहिली दोन वर्षे विषय शिकण्याइतकीच विषयाची भाषा शिकण्यात जातात. त्या काळातले गुण मुलाच्या समजेपेक्षा कमीच दिसतात, आणि भाषेचा अडसर एकदा दूर झाला की आधीपासून असलेली समज एकदम गुणांत उतरते. आलेख पाहणाऱ्याला ही उडी वाटते, पण शिकवणाऱ्याला ती तीन वर्षांची चढण म्हणून माहीत असते.

आता संशयाचे गणित मांडू. केवळ समजण्यासाठी असे धरू, की एक लाख मुलांनी रिपीट केले, त्यांतल्या २०० जणांनी गैरप्रकार केला आणि त्या सर्वांचे गुण दोनशेहून अधिक वाढले. उरलेल्या ९९,८०० प्रामाणिक मुलांपैकी फक्त दोन टक्क्यांचे गुण तितके वाढले, तरी ती संख्या १,९९६ होते. मोठी उडी घेतलेल्या २,१९६ जणांत दोषी केवळ २००, म्हणजे अकरांत एक. अशा उडीवरून दोषी ठरवायचे म्हटले, तर एका चोरामागे दहा निरपराधांना शिक्षा होईल. म्हणून गुणवाढ ही तपास सुरू करण्याची खूण असू शकते, पण पुरावा नव्हे.

अमेरिकेतील एसएटी या महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेबाबत हा भेद न्यायालयापर्यंत गेला होता. तिथल्या एका विद्यार्थ्याचे गुण १९९१ च्या मे आणि नोव्हेंबरमधील दोन परीक्षांत ६२० वरून १०३० झाले, म्हणजे ४१० नी वाढले. वाढ ३५० हून अधिक असेल तर परीक्षा घेणारी संस्था आपोआप तपासणी करत असे. तीत दोन उत्तरपत्रिकांवरील हस्ताक्षर वेगळे वाटले आणि दुसऱ्या खेपेला भलतेच कोणी बसले असावे, असा संशय धरला गेला. आपण मे महिन्यात आजारी होतो, मध्ये तयारीचा वर्ग केला आणि परीक्षेच्या खोलीतल्या पर्यवेक्षकाने आपल्याला पाहिले आहे, असे विद्यार्थ्याने सांगितले. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला निर्णय मला मोलाचा वाटतो. न्यायालयाने गुण खरे की खोटे हे ठरवले नाही. विद्यार्थ्याने दिलेली माहिती संस्थेने प्रामाणिकपणे विचारात घेतली नाही, हा तिचा दोष ठरवला आणि तो विचार करण्याचा आदेश दिला.

मग पुरावा कशात शोधायचा? बरोबर उत्तरांत नव्हे, तर चुकांत. दोन हुशार मुलांची बरोबर उत्तरे सारखीच येणार. चुका मात्र प्रत्येकाच्या आपापल्या असतात. चार्ल्स बर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९२७ मध्येच ही पद्धत वापरली होती. शेजारी बसलेल्या दोघांचे तेच २० प्रश्न चुकले आणि वीसही ठिकाणी दोघांनी एकच चुकीचा पर्याय निवडला, असे समजा. तिन्ही चुकीचे पर्याय सारखेच मोहात पाडणारे असतील, तर हे योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ३४९ कोटींत एक इतकी आहे.

हा आकडा ऐकून निकाल देऊन टाकावासा वाटतो. परंतु चुकीचे पर्याय सारखे मोहक नसतात. चांगला प्रश्न काढणारा नेहमीच्या गैरसमजाला धरूनच एक पर्याय रचतो. प्रत्येक प्रश्नात असा एक पर्याय चुकणाऱ्यांपैकी ७० टक्के मुले निवडतात असे धरले, तर तीच शक्यता ३४९ कोटींत एकवरून सुमारे पावणेतीन लाखांत एक इतकी वाढते. दोघे एकाच क्लासला जात असतील, त्याच सरांच्या नोट्स वाचत असतील आणि सरांनीच एखादी गोष्ट चुकीची सांगितली असेल, तर ती आणखी वाढेल. लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलमध्ये १९८२ मध्ये हाच पेच उभा राहिला. हायमे एस्कलांटे या शिक्षकांकडे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शिकलेली, गरीब वस्तीतली १८ मुले महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, आणि उत्तरांतल्या सारख्या चुकांमुळे १४ जणांवर संशय घेतला गेला. त्यांतली १२ मुले पुन्हा परीक्षेला बसली आणि बाराही उत्तीर्ण झाली.

तुलना किती जोड्यांची केली, यालाही फार महत्त्व आहे. चोवीस जणांच्या खोलीत २७६ जोड्या होतात; तेवीस लाख परीक्षार्थींत त्या अडीच लाख कोटींहून अधिक होतात. इतक्या जोड्या चाळल्या, तर कोटींत एक असलेले योगायोगही ढिगाने सापडतील. म्हणून खोली, बाकाची जागा आणि प्रश्नपत्रिकेचा संच यांची सांगड घातल्याशिवाय अशा जुळणीला अर्थ राहत नाही.

२०२४ च्या नीटमध्ये ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हा देशभर हाच संशय उसळला. काहींना ७१८ आणि ७१९ गुण होते, आणि एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५ होतात, मधले आकडे येऊच शकत नाहीत, हे मुलांनीच दाखवून दिले. शंका अचूक होती. त्याचे कारण मात्र वाया गेलेल्या वेळेबद्दल १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण हे निघाले. पुढे ते गुण रद्द होऊन फेरपरीक्षा झाली, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे दोनऐवजी एकच उत्तर ग्राह्य धरले गेले आणि अव्वल विद्यार्थी १७ उरले. पेपर फुटलाही होता, हजारीबाग आणि पाटणा इथे, आणि त्याचा लाभ सुमारे १५५ जणांना झाल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तरीही आयआयटी मद्रासच्या विश्लेषणात गुणांचा आलेख नेहमीसारखाच घंटेच्या आकाराचा दिसला. पंधरा हजारांत एक असे हे प्रमाण. ते एकूण आलेखात दिसणार तरी कसे? सर्वांचा आलेख निर्दोष आहे म्हणून कोणीच चोरी केली नाही, हा निष्कर्षही त्यामुळे तितकाच कच्चा ठरतो. तिथे जळालेल्या प्रश्नपत्रिका आणि माणसांचे जबाब यांनीच काम केले.

आपल्या कर्नाटक राज्यात याची उलटी बाजूही पाहायला मिळाली. २०२४ मध्ये एसएसएलसीच्या परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून थेट प्रक्षेपणाद्वारे नजर ठेवली गेली आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून, कृपागुण वाढवूनही, ७३.४० टक्क्यांवर आला. एखाद्या मुलावर बोट न ठेवता संपूर्ण व्यवस्थेत किती हवा होती, याची कल्पना या घसरणीने दिली, आणि सीमाभागातल्या आमच्या शाळाही त्या व्यवस्थेतच आहेत.

खानापूरच्या त्या मुलीकडे संशयाला उत्तर देण्यासाठी सर्वांत भक्कम गोष्ट तिच्या क्लासच्या फाइलमध्ये असते. वर्षभरातल्या सराव परीक्षांचे तारखेनिशी गुण ३१०, ३६०, ३९५, ४७०, ५१० असे चढत गेले असतील, तर ५४० ही उडी नसून पुढची पायरी आहे, आणि ते कागद ती कोणासमोरही ठेवू शकते. तीच मुलगी एप्रिलपर्यंत तीनशेच्या आसपास घोटाळत राहिली असेल, तर तिला अधिक प्रश्न विचारणे रास्त आहे. त्यानंतरही वेगळा प्रश्नसंच देऊन तिला पुन्हा बसवावे आणि निकाल लागेपर्यंत तिचे नाव कोणाच्याही मोबाइलवर फिरू नये, एवढे तरी तिचे शिक्षक आणि शेजारी म्हणून आपण पाहू शकतो.