दीड ग्रॅमच्या आतलं विमान आणि नियमातल्या पळवाटा

रुमेनियात स्लॅनिक प्राहोवा या गावी मिठाची एक जुनी खाण आहे. आतली दालनं 54 मीटर उंच, तापमान बारा महिने 12 अंशांच्या आसपास आणि वारा जवळजवळ नाहीच. बंदिस्त जागेत उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या जागतिक स्पर्धा या खाणीत अनेकदा झाल्या आहेत. या विमानांना इंजिन नसतं, बॅटरी नसते, रिमोटही नसतो. पुढचा पंखा फिरवणाऱ्या रबराला पीळ द्यायचा, विमान हातातून सोडायचं आणि ते खाली टेकेपर्यंतचा वेळ मोजायचा. एकूण सहा उड्डाणं मिळतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोनांची बेरीज धरतात, म्हणजे एखादं उड्डाण भिंतीला अडकून वाया गेलं तरी स्पर्धक बाद होत नाही.

जागतिक स्पर्धेचा वर्ग एफ-वन-डी. पंखांची लांबी जास्तीत जास्त 55 सेंटिमीटर, रबर सोडून विमानाचं वजन किमान 1.4 ग्रॅम आणि रबर जास्तीत जास्त 0.4 ग्रॅम. एवढ्याशा रबरात पिळून साठवता येणारी ऊर्जा साधारण 5 जूल, म्हणजे पाण्याची एक लिटरची बाटली अर्धा मीटर उचलायला लागते तेवढीच. तेवढ्यावर मुरलेला स्पर्धक अर्ध्या तासाच्या घरात उड्डाण करतो. भागाकार केला तर सरासरी शक्ती 3 मिलिवॉटच्याही आत येते.

हे जमतं ते वजनामुळे. पंखांचं क्षेत्रफळ तेच ठेवून वजन दुप्पट केलं, तर हवेत टिकून राहायला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, जवळजवळ 2.8 पट होते. म्हणून सांगाडा निवडक हलक्या बाल्सा लाकडाचा, त्याला ताठपणा द्यायला बोरॉनचे केसासारखे बारीक तंतू आणि वर मायक्रॉनच्या आसपास जाडीचं पारदर्शक आवरण. किमान वजनाची अट नसती तर ही स्पर्धा सर्वांत हलकं लाकूड कुणाला मिळतं याचीच झाली असती. त्या अटीने नवख्याला थोडी उसंत मिळते. पण जाणकार सांगाड्यात वाचवलेले मिलिग्रॅम दुसरीकडे खर्च करतो. उदाहरणार्थ, पंख्याच्या पात्यांचा कोन उड्डाणातच बदलणारी चिमुकली यंत्रणा बसवतो. सुरुवातीला पीळ जोरात असतो तेव्हा पाती जास्त तिरकी होतात, पंखा सावकाश फिरतो आणि विमान छताला धडकत नाही. पीळ उतरत गेला की कोन कमी होतो.

2015 साली झालेला बदल मला या खेळातला सर्वांत हुशार बदल वाटतो. त्याआधी विमान किमान 1.2 ग्रॅम आणि रबर 0.6 ग्रॅमपर्यंत चालायचं. विमान 0.2 ग्रॅमने जड केलं आणि रबर तेवढंच कमी केलं. उडताना एकूण वजन आधीही 1.8 ग्रॅम, आताही 1.8 ग्रॅम. त्यामुळे उडण्याचा संथपणा तसाच राहिला, सांगाडा थोडा दणकट करता आला, इंधन मात्र एक तृतीयांशाने घटलं.

सगळेच नियम इतके नीट बसत नाहीत. अमेरिकेतला ‘ईझी बी’ हा वर्ग नवख्यांसाठी काढला होता: पंख 18 इंच लांब, 3 इंच रुंद, पंखांना आधार देणाऱ्या तारांचे ताण नाहीत, पंखा लाकडाचाच. किमान वजन मात्र लिहिलं नाही. मग काय, मुरलेल्या मंडळींनी अर्ध्या ग्रॅमहूनही हलकी विमानं केली. नवख्याच्या हातात ते फुंकरीनेही मोडेल! एकही नियम मोडला नव्हता आणि वर्ग ज्यांच्यासाठी होता ते बाहेर राहिले. त्याच धर्तीच्या आंतरराष्ट्रीय वर्गात 1.2 ग्रॅमची अट आहे, ती योग्यच आहे.

सोप्या वर्गांत पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेला मज्जाव असतो. पण पातंच लवचीक केलं आणि जोर आला की ते आपोआप पिळवटेल असं बसवलं, तर? यंत्रणा नाही, परिणाम तोच. याला मी लबाडी म्हणणार नाही. लाकूड वाकतंच आणि किती वाकलं तर यंत्रणा म्हणायची, याची रेघ कुणालाच ओढता येणार नाही.

‘पेनीप्लेन’ या वर्गाची गंमत वेगळी. विमान अमेरिकी पेनीइतकं, म्हणजे एका सेंटच्या नाण्याइतकं तरी जड हवं, ही मूळ कल्पना. 1982 मध्ये त्या नाण्यातलं तांबं जाऊन जस्त आलं आणि वजन 3.1 ग्रॅमवरून 2.5 ग्रॅमवर उतरलं. शब्दांचा कीस पाडणाऱ्याला केवढी आयती संधी! पण नियमात 3.1 ग्रॅमच धरतात.

खरी कसोटी दिशा वळवताना लागते. विमान भिंतीकडे किंवा दुसऱ्या विमानाकडे सरकू लागलं, तर दोरीला बांधलेल्या हेलियमच्या फुग्याने किंवा लांब काठीने त्याला हलकेच वळवायची मुभा आहे. आता वळवता वळवता ते थोडं वर उचललं तर? शक्ती 3 मिलिवॉट, त्यामुळे हाताने दिलेली थोडीशी उंचीही फुकटचे सेकंद देऊन जाते. म्हणून इथे नियमाने हेतूच लिहून टाकला आहे: वळवायचं ते टक्कर टाळायला किंवा जागा बदलायला, आणि हालचाल मुख्यतः आडवी हवी. उंची बदलतेय असं वाटलं तर वेळ मोजणाऱ्याने स्पर्धकाला बजावायचं. ग्रॅम आणि सेंटिमीटर काट्याला आणि पट्टीला कळतात. हे मात्र माणसानेच मान वर करून पाहायचं.

रबराच्या प्रतीला तर नियमाने हातच लावलेला नाही. 0.4 ग्रॅम म्हटलं, कसलं ते म्हटलं नाही. नैसर्गिक रबराच्या प्रत्येक खेपेत ऊर्जा थोडी वेगळी साठते. मे 1999 मधली एक खेप तर या वर्तुळात दंतकथा होऊन बसली आहे आणि ज्यांच्याकडे उरली ते ती जपून वापरतात. सर्वांना एकाच पेटीतलं रबर वाटावं, हा उपाय सहज सुचतो. पण रबर निवडणं, ताणून ताणून त्याचा अंदाज घेणं, तुटायच्या किती आधी पीळ थांबवायचा ते ठरवणं, यातच निम्मं कसब आहे. शिवाय एकाच पेटीतलं रबरही दोन माणसांच्या हातात सारखं वागत नाही.